बापूंच्या प्रिंटरचा पासवर्ड

पासवर्डचा विषय निघाला म्हणून सांगतो. मंगळवार पेठेत बापूंचं लग्नपत्रिकांचं दुकान होतं आणि मी तेव्हा कॉम्प्युटर दुरुस्त करत फिरायचो. प्रिंटर बापूंच्या जुन्या विंडोज ९८ ला जोडलेला. त्यांच्या बायकोसाठी, म्हणजे वहिनींसाठी, नवा एक्सपी कॉम्प्युटर आणला, दोन्ही वायरीनं जोडले, पण वहिनींनी प्रिंट दिली की तो पासवर्ड मागायचा. बाहेर नवरीचे मामा पत्रिकांसाठी ताटकळलेले.

"बापू, प्रिंटरला पासवर्ड काय घातलाय?"

"आठवंना की."

"मामा निघाले बघा."

तेव्हा बापू माझ्या कानाशी वाकून पुटपुटले, "सुमन."

मी आपला टाइप करता करता मोठ्यानं विचारलं, "सुमनमध्ये यू एकच ना?"

वहिनींचं नाव शोभा. मी घाईनं सावरून घेतलं, "वहिनी, हा पासवर्ड कंपनीच घालून देते."

"व्हय का?" वहिनी शांतपणे म्हणाल्या. "मग कंपनी गडहिंग्लजची असणार. सुमनचं स्थळ ह्यांना तिथनंच आलंतं."

पत्रिका छापून झाल्या. मामा गेल्यावर वहिनींनी मला प्रिंटर काढून त्यांच्या मशीनला जोडायला लावला आणि नवा पासवर्ड स्वतः घातला.

त्या दिवसापासून छापायचं म्हटलं की प्रिंटर पासवर्ड बापूंना मागायचा, आणि वहिनी काय सांगायच्या नाहीत.