त्या यादीवर मी सही करणार नाही

मंडळी, गणेशोत्सव सोडला तर आपल्या मराठी मंडळाच्या या हॉलमध्ये इतकी माणसं मी कधी पाहिली नव्हती. विमलाक्कांबद्दल बोलायला उठलेय. मनात दुःख आहे आणि रागही आहे. राग घरी ठेवून यायचा प्रयत्न केला, जमलं नाही. सांभाळून घ्या.

मला न ओळखणाऱ्यांसाठी सांगते. मी मीनल. मूळची पुण्याची, नऊ वर्षांपूर्वी नवऱ्याच्या नोकरीमुळे बेंगळुरूला आले. तेव्हापासून विमलाक्कांच्या हाताखाली इंग्रजी शिकवत आले. आमच्या कॉलेजात सुदान, येमेन, काँगो अशा देशांतून मुलं येतात. इथला अभ्यास इंग्रजीतून. म्हणून आधी कोणाला किती इंग्रजी येतं ते बघायचं आणि त्याप्रमाणे वर्ग ठरवायचा. वरच्या वर्गातलं मूल लगेच पदवीला लागतं. खालच्या वर्गातल्याचं वर्ष जातं. हे ठरवायचं काम पंधरा वर्षं अक्कांनी केलं.

सतरा दिवसांपूर्वी, गुरुवारी, कॉलेजला निघताना अक्का दारातच कोसळल्या आणि गेल्या. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणत होता, हाल झाले नाहीत, सुटल्या बिचाऱ्या. कृपा करून असं म्हणू नका. अक्का सुटल्या नाहीत. त्यांना सुटायचं नव्हतं. त्यांच्या पर्समध्ये नव्या मुलांच्या नावांचा कागद होता, प्रत्येक नावापुढे उच्चार लिहिलेला, म्हणजे पहिल्या हाकेला चूक नको. आणि बिचाऱ्या तर त्या कधीच नव्हत्या. आपल्या मल्लेश्वरमच्या कोणत्याही ऑटोवाल्याला विचारा, भाड्यावरून कोण जिंकायचं.

आता मी शोकसभेत कोणी सांगत नाही अशी गोष्ट सांगणार आहे. अक्कांची चूक. नव्या शिक्षकांना त्या दर वर्षी स्वतःच ती सांगायच्या, म्हणून मीही सांगते.

सुरुवातीच्या वर्षांत सुदानहून अमीना नावाची मुलगी आली. सकाळी विमानातून उतरली आणि दुपारी अक्कांसमोर परीक्षेला बसली. अक्कांनी दहा प्रश्न विचारले. अमीनाने एकाचंही उत्तर दिलं नाही, नुसती टेबलाकडे बघत राहिली. अक्कांनी सगळ्यात खालच्या वर्गात तिचं नाव लिहिलं. तीन आठवडे ती पोरगी ए बी सी डी गिरवत बसली. तक्रार केली नाही. बोललीच नाही.

मग एका रविवारी अक्कांनी तिला घरी जेवायला नेलं. शेजारच्या कुसुमताई तिथे आल्या होत्या. त्या आज या दुसऱ्या रांगेत बसल्यात. त्यांना सारखी चक्कर येत होती. अमीनाने त्यांच्या गोळ्यांची पाकिटं मागून घेतली, वाचली आणि स्वच्छ इंग्रजीत विचारलं, या दोन्ही गोळ्या तुम्ही एकदम घेता? डॉक्टरांना माहीत आहे? आजच विचारा. कुसुमताई, बरोबर सांगतेय ना मी? ती तिकडे दोन वर्षं औषधशास्त्र शिकून आली होती.

अक्का म्हणाल्या, अगं, मग परीक्षेला गप्प का बसलीस? ती म्हणाली, मॅडम, दोन दिवस झोपले नव्हते. विमानतळावर आईचा हात सोडवून आले होते. तुम्ही विचारत होतात आणि मला नुसते तुमचे ओठ हलताना दिसत होते.

दुसऱ्या दिवशी अक्का त्या वर्गात गेल्या आणि सगळ्या मुलांसमोर उभं राहून म्हणाल्या, चूक अमीनाची नव्हती, माझी होती. तिला वरच्या वर्गात नेऊन बसवलं. तीन आठवडे मात्र वाया गेले ते गेलेच, आणि अक्कांना ते शेवटपर्यंत लागून राहिलं.

तेव्हापासून आमच्याकडे परीक्षेची वेगळी पद्धत झाली. पहिल्या दिवशी परीक्षा नाही. आधी जेवण, झोप, घरी फोन. तिसऱ्या दिवसापासून परीक्षा, आणि ती कॉलेजात नाही, तुमच्या घरी. हो, तुमच्याच. एका घरी एक मूल, चहा, चिवडा आणि अर्धा तास गप्पा. प्रश्नपत्रिका नाही. अक्का वही घेऊन कोपऱ्यात बसायच्या आणि ऐकायच्या. मूल काय समजतं, काय विचारतं, अडलं की वाट कशी काढतं. तुमच्यातल्या किती जणांनी अशी मुलं पास केलीत, तुम्हाला तरी आठवतंय का?

आणि हे समोर बसलेत ते नागेशअण्णा. बँकेतून निवृत्त झाले ते बोलायलाच. यांच्याकडे गेलेलं प्रत्येक मूल हुशार. अण्णा सांगायचे, अक्का, काय सुंदर बोलतो हा. अक्का म्हणायच्या, अण्णा, स्वल्प थांबा. अर्धा तास तुम्हीच बोललात. त्याला एकदा तोंड उघडू द्या, मग मी ठरवते. हसा, हसा. अक्का असत्या तर त्याही हसल्या असत्या, आणि मग अण्णांना पुन्हा तेच ऐकवलं असतं.

आता रागाचं सांगते. गेल्या आठवड्यात नवी मुलं आली. सकाळी उतरली, दुपारी त्यांना कॉम्प्युटरसमोर बसवलं. कानाला हेडफोन, समोर घड्याळ, चाळीस मिनिटं. अक्कांच्या तेराव्याच्या दिवशी यादी लागली. मी इथे पानं वाढत होते आणि तिकडे भिंतीवर यादी लागत होती. नऊ मुलं खालच्या वर्गात. ती पक्की व्हायला त्यावर विभागाची सही लागते. अक्का नाहीत, म्हणून उद्या सकाळी ती मी करायची आहे.

देसाई सर आमचे व्यवस्थापक. सर, तुम्ही आलात, मनापासून आभार. तुम्ही वाईट माणूस नाही, हे मी सगळ्यांसमोर सांगते. शुक्रवारी तुम्ही मला समजावलंत. म्हणालात, मीनल, भावना बाजूला ठेवा, यंत्राला राग-लोभ नसतो, चहापेक्षा ते न्याय्य नाही का? मी त्यावर दोन दिवस विचार केला. यंत्राला राग-लोभ नसतो, खरं आहे. नागेशअण्णांसारखं ते सगळ्यांना पासही करणार नाही. पण सर, यंत्र चुकलं तर वर्गात जाऊन चूक माझी आहे असं कोण म्हणणार? सही माझी असेल, मग मलाच म्हणावं लागेल. आणि ते चुकलंय हे मला आजच दिसत असताना मी सही का करू?

त्या नऊ जणांतला युसुफ येमेनचा आहे. काल त्याने मला गाठलं. हॉस्टेलच्या नळाला पाणी येत नाही, वॉर्डनला दोनदा सांगितलं, त्याने काय कारण दिलं आणि ते कारण का पटत नाही, हे सगळं त्याने मला पाच मिनिटं इंग्रजीत ऐकवलं. व्याकरण कच्चं होतं. भांडण पक्कं होतं. यादीत तो शेवटून दुसरा आहे. आणि त्याला वर्षभर थांबता येणार नाही. त्याच्या सरकारचं शिष्यवृत्तीचं पत्र याच वर्षीच्या पदवी प्रवेशासाठी आहे. खालचा वर्ग म्हणजे त्याच्यासाठी परतीचं विमान. तिकडे युद्ध चालू आहे, तो परत कुठे जाईल हे मी सांगायला नको.

ती मुलं आज मागे बसली आहेत. अक्कांना त्यांनी पाहिलंही नव्हतं, मराठीचं अक्षर कळत नाही, तरी आलीत. माझ्या हातवाऱ्यांवरून एवढं मात्र त्यांना कळलं असेल की बाई चिडली आहे.

म्हणून इथेच सांगते, म्हणजे मागे फिरता येणार नाही. त्या यादीवर मी सही करणार नाही. नऊही मुलांची परीक्षा अक्कांच्या पद्धतीने पुन्हा होईल. त्यातलं कोणी खरंच कच्चं निघालं तर खालच्या वर्गात मीच त्याचं नाव लिहीन, आणि का लिहिलं ते त्याला समोर बसवून सांगेन. माझी नोकरी जाईल का? जाऊ शकते. नवऱ्याला सांगून आलेय. तो म्हणाला, सरी, ठीक आहे, आधी जाऊन बोल तरी.

मंडळी, अशा सभेच्या शेवटी आपण सगळे दोन मिनिटं उभे राहतो आणि मग घरी जातो. आज मी तसं सांगणार नाही. ज्यांना उद्या किंवा परवा संध्याकाळी यातल्या एका मुलाला चहाला बोलावता येईल, त्यांनीच उभं राहायचं. बाकीच्यांनी बसल्या जागी हात जोडले तरी अक्कांना नमस्कार पोचेल, त्यात कमीपणा नाही. मी वही घेऊन प्रत्येक घरी येईन. मला नऊ घरं हवीत.

कुसुमताई, तुमचे गुडघे दुखतात, तुम्ही नुसता हात वर करा. अण्णा, तुम्ही उभे राहा, पण उद्या ऐकायचं. देसाई सर, तुमचं घर आठव्या क्रॉसच्या गल्लीतच आहे, मुलांना चालत येता येईल.

विमलाक्का, तुम्हाला नमस्कार करते. आता दोन मिनिटं मी काही बोलणार नाही. मंडळी, उठा.