मास्तरांच्या कुंड्या

औषधांच्या दुकानासमोर चुन्यानं वर्तुळं आखली होती आणि एकेका वर्तुळात एकेक माणूस उभा होता. निवृत्त पोस्टमनच्या पुढच्या दोघी शेजारणी मास्कमधून मोठ्यानं बोलत होत्या.

"मास्तरांचा ताप उतरला का हो, वहिनी?"

"उतरला असणार. गॅलरीतल्या कुंड्या बघ की, कशा टवटवीत आहेत!"

"त्यांना पाहिलंत तुम्ही?"

"त्यांना कशाला? तू नवी आहेस, तुला ठाऊक नसेल. ताप आल्यावर दार बंद करून घेताना त्यांनीच सांगितलंय, झाडांना पाणी दिसलं की समजा मी उठलोय. अख्खी इमारत सकाळी आधी ती झाडं बघते, मग जिवात जीव येतो."

"वहिनी..."

"काय गं?"

"पाणी मी घालतेय. वरच्या माझ्या गॅलरीतून, पाइपनं."

"कधीपासून?"

"चार दिवस झाले. झाडांनी माना टाकल्या होत्या. म्हटलं, आजारी माणूस, तेवढाच हातभार."

"अगं, मग फोन तरी..."

"मला वाटलं, तुम्ही करत असाल."

दोघी पळत सुटल्या. पिशव्या वर्तुळातच राहिल्या.

"आजोबा, पुढे या," दुकानदार ओरडला.

पोस्टमन जागचा हलला नाही.

"येतील त्या. त्यांचा नंबर आहे."