मसुदा कोणाचा? माझा

...आणि लवंग चघळली की वास जातो, असं ज्यानं कोणी पहिल्यांदा सांगितलं ना, त्याला एकदा माझ्यासमोर आणून बसवा! जात नाही हो. लवंगेचा वास येतो, सिगरेटचा येतो, आणि दोन्ही मिळून तिसराच एक वास तयार होतो, 'हा माणूस काहीतरी लपवतोय' असा. तो बायकोला जिन्यातून येतो. आपण अजून बूट काढतोय, तोवर आतून प्रश्न, "आज कोण ओढत होतं?"

मी आपलं ठरलेलं सांगायचो. ऑफिसातले लोक ओढतात गं, मी काय करू, तिथे बसावं लागतं, कपड्यांना वास लागतो. वर्षानुवर्षं चाललं हे उत्तर. छान चाललं. आणि मग एक कायदा आला, ऑफिसात कोणी ओढायची नाही म्हणून. म्हणजे ज्या उत्तरावर माझा संसार उभा होता, तेच उत्तर कायद्यानं काढून घेतलं. आणि मसुदा कोणाचा? माझा.

हसू नका. नाही, हसा, हसण्यासारखंच आहे. पण आधी ऐका.

तुम्हाला सांगतो, मी कायदा खात्यात मसुदे लिहितो. म्हणजे मंत्री म्हणतात, "अमुक बंद झालं पाहिजे." आता 'अमुक' म्हणजे नेमकं काय, 'बंद' म्हणजे कितपत बंद आणि नाही झालं बंद तर कोणाला धरायचं, हे लिहायचं काम माझं. पाणीपुरवठ्यापासून भटक्या कुत्र्यांपर्यंत सगळ्यांचे कायदे लिहिलेत मी. कुत्र्यांनी एकही वाचला नाही, ते सोडा.

तर हा धुराचा कायदा कुठून आला? वरून. वरून म्हणजे मंत्र्यांकडूनही नाही, त्यांच्याही वरून. तंबाखूला आवर घालण्यासाठी जगातल्या देशांनी मिळून एक करार केलाय. त्यावर आपल्या देशानं सही केली. आता नुसती सही म्हणजे लग्न ठरणं, त्यातून अजून अंग काढून घेता येतं. पण नंतर आपण रीतसर मान्यता कळवली, म्हणजे लग्न लागलं. मग सासरचे नियम आले की नाही? त्यात कलम आठ म्हणतं, माणसं जिथे काम करतात, ज्या बसमध्ये बसतात, बंद छपराखाली जिथे चार लोक जमतात, तिथे दुसऱ्याच्या धुरापासून त्यांना वाचवा. 'वाचवावं असं वाटतं' नाही. वाचवा. शब्द दिलाय, कायदा करा.

तो करार माझ्या टेबलावर आला आणि मी, खोटं कशाला सांगू, पेटलो. म्हणजे उत्साहानं. दुसरा अर्थ काढू नका.

पेटलो त्याला कारण होत्या आमच्या ताई. ताई म्हणजे आमच्या खात्यातल्या लघुलेखिका. तुम्ही बोला, त्या लिहून घेणार, तेही अशा वेगानं की तुमचं वाक्य संपायच्या आत त्यांचं संपलेलं असतं आणि त्या तुमच्याकडे बघत असतात, की अजून काय राहिलंय तुमचं. ताईंनी आयुष्यात सिगरेट हातात धरली नाही. पण माझ्या आधीचे साहेब, ते एकीवर दुसरी पेटवायचे, आणि ताईंचं टेबल त्यांच्यासमोर. उठून जाणार कुठे? नोकरी होती. ते साहेब निवृत्त झाले, ठणठणीत आहेत, रोज फिरायला जातात. ताईंना मात्र दमा. पर्समध्ये कायम तो फवारा. डॉक्टरांनी विचारलं म्हणे, "किती वर्षं ओढताय?" ताई म्हणाल्या, "मी नाही, साहेब ओढायचे."

मसुद्याचं पहिलं पान टाइप करून त्यांनी माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाल्या, "साहेब, हा कायदा तुम्ही लिहिणार, तर तुम्ही तरी आता सोडा." मी म्हटलं, सोडली. त्याच क्षणी सोडली! खरंच सोडली हो, संध्याकाळपर्यंत. पण त्या बाईनं मजलाभर सांगितलं, आमच्या साहेबांनी सोडली. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर एक छोटी डबी. आत लवंगा. "तल्लफ आली की एक घ्या." आता इतकं झाल्यावर कुठल्या तोंडानं सांगणार की बाई, सुटली नाही? मग मी लवंगही घ्यायचो आणि तीही घ्यायचो. सभागृहाच्या बाजूला जुन्या फायलींची एक खोली आहे. दार चांगलं जाडजूड, भिंतीत वर एक पंखा, हवा बाहेर फेकणारा. किल्ली शिपाईकाकांकडे. "जुनी फाईल बघायचीये," म्हटलं की काका किल्ली द्यायचे. इतक्या जुन्या फायली बघणारा अधिकारी खात्यात दुसरा झाला नाही. आणि टेबलावर तिकडे मसुदा, 'बंद जागेत धूम्रपानास पूर्ण मनाई.' मसुदा कोणाचा? माझा.

बरं. समितीपुढे मसुद्याच्या सुनावणीचा दिवस. अध्यक्षबाई मध्यभागी. करडी बाई. चष्म्यावरून बघितलं की माणसाला आपली जन्मतारीख चुकीची वाटायला लागते. आजूबाजूला समितीचे सभासद. समोर हॉटेलवाल्यांचा वकील. त्याला आम्ही 'पण-परंतु' म्हणायचो. गोड माणूस. गोड माणसांचीच भीती असते. तो उठला आणि काय बोलला! "कायदा हवाच. आमचा पूर्ण पाठिंबा. पण..." झालं. त्याचं म्हणणं एवढंच, की हॉटेलात एक वेगळी खोली ठेवू द्या. दार जाड, पंखा लावलेला, बंद. ओढणारे आत ओढतील, बाकीचे बाहेर सुखात. परंतु धुराचा एक कण बाहेर येणार नाही, याची हमी आमची. आणि करार म्हणाल तर, परदेशात बसून लिहिणाऱ्यांना आमच्या हॉटेलांचं काय कळतं?

सभासद माना डोलवायला लागले. वेगळी खोली, त्यात काय एवढं? मी मसुदा जवळ ओढून घेतला. कारण ती एक खोली कायद्यात शिरली ना, की कायदा गेला. प्रत्येक हॉटेल म्हणणार, आमचीही खोली. प्रत्येक ऑफिस म्हणणार, आमचीही. आणि त्या खोलीत चहा घेऊन जाणारा वेटर कोणाच्या फुप्फुसांनी श्वास घेणार? अध्यक्षबाई म्हणाल्या, चहानंतर उत्तर द्या.

चहानंतर! आता मला सांगा, एवढं मोठं उत्तर द्यायचंय, अशा वेळी माणूस काय करतो? मी म्हटलं, काका, जरा जुनी फाईल बघायचीये.

आत गेलो, दार लावलं, पंखा सुरू केला, पेटवली. झुरके मारत मारत भाषणाची तालीम केली. काय सुचत होतं! एकेक वाक्य तलवारीसारखं. अर्धी झाली तोच बाहेरून घंटा. घाईघाईत ती अर्धी तिथल्या एका बशीत ठेवली, विझवली असं मला वाटलं, आणि लवंग तोंडात टाकून धावलो. पंखा तसाच चालू.

उभा राहिलो. अहो, काय बोललो मी त्या दिवशी! म्हटलं, देशानं शब्द दिलाय, आणि दिलेला शब्द सोयीनं पाळायचा नसतो. म्हटलं, या करारातल्या देशांनीच एकत्र बसून लिहून ठेवलंय की वेगळ्या खोल्यांनी भागत नाही, पंख्यांनी भागत नाही. पंखा धूर संपवत नाही, दुसऱ्याच्या घरी पाठवतो. ताई भिंतीतल्या हवेच्या जाळीखाली बसून भराभर लिहून घेत होत्या आणि मधूनच माझ्याकडे बघत होत्या. कौतुकानं. ते कौतुक आठवलं की अजून मान वर होत नाही.

मी म्हणत होतो, "या धुराचं सुरक्षित असं कुठलंही प्रमाण..." आणि मला वास आला.

स्वतःच्या सिगरेटचा वास माणसाला कळतो हो. लांबून कळतो. वर बघितलं, तर ताईंच्या डोक्यावरच्या जाळीतून एक बारीक निळसर रेघ, अगदी सावकाश, खाली उतरतेय. तो पंखा हवा बाहेर फेकत नव्हता. त्याच्या पलीकडे नुसती पोकळी, आणि पोकळीतून सरळ सभागृह. इतके दिवस मी त्या खोलीतून सगळ्या समित्यांना थोडा थोडा धूर पुरवत होतो.

ताईंना खोकला सुटला. आधी त्यांनी एका हातानं पर्स चाचपली आणि दुसऱ्या हातानं लिहीतच राहिल्या. मग लिहिणं थांबलं. आयुष्यात पहिल्यांदा ताईंची पेन्सिल थांबलेली मी बघितली. फवारा मारला, तरी छाती भात्यासारखी वरखाली. कोणी खिडक्या उघडल्या, कोणी पाणी आणलं. अध्यक्षबाई स्वतः उठून त्यांच्याजवळ गेल्या. मी? मी तिथेच. तोंडात लवंग.

पण-परंतु मात्र वास काढत निघाला आणि त्या खोलीतून बशी घेऊनच परत आला. बशीत ती. अजून धुमसणारी. म्हणाला, "बाई, आम्हाला कायदा शिकवणाऱ्यांच्या घरात हे." मग किल्ली कोणाकडे असते याची चौकशी. शिपाईकाकांना बोलावलं. काका दारात उभे, टोपी हातात, निवृत्तीला आलेला माणूस. अध्यक्षबाईंनी विचारलं, खोली कोणी उघडली? काकांनी माझ्याकडे बघितलं. आणि खाली बघितलं. एका सभासदानं तर ठरवूनच टाकलं, यांनीच ओढली असणार, निलंबित करा.

आता तुम्हाला वाटेल मी ताडकन पुढे झालो असेन. नाही झालो. मनात म्हटलं, बघू, निभतंय का. हेही म्हटलं, की मी कबूल केलं तर कायदा बुडेल, देशाचं नुकसान होईल. देशासाठी गप्प बसलो होतो मी! माणूस किती खालच्या पायरीवर उभा राहून किती वरच्या गोष्टी बोलतो बघा.

मग ताईंनी मान वर केली. श्वास अजून लागलेला होता, डोळ्यांत पाणी. बशीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. राग नव्हता हो त्यात. राग असता तर बरं झालं असतं. नुसतं कळलं त्यांना.

मी म्हटलं, "माझी आहे."

अध्यक्षबाई चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिल्या, आणि मला वाटलं, गेली नोकरी, गेला कायदा. तर त्या माझ्याशी बोलल्याच नाहीत. वळल्या वकिलाकडे.

"खोली बंद होती?"

"होय, बंद होती."

"दार जाड आहे?"

"चांगलंच जाड आहे, बाई."

"पंखा?"

"चालू होता, पण..."

"मग धूर इथे कसा आला?"

पण-परंतुचं तोंड उघडं, आणि त्यातून पणही येईना, परंतुही येईना. बाई म्हणाल्या, वेगळ्या खोलीची मागणी फेटाळली. मसुदा जसाच्या तसा मंजूर. इतकी वर्षं मसुदे लिहितोय, एकही जसाच्या तसा मंजूर झाला नव्हता. हा झाला. लोक हात मिळवायला यायला हवे होते. सगळे लांबून वळसा घालून गेले. आणि मसुदा कोणाचा?... जाऊ द्या.

संध्याकाळी ताईंच्या टेबलापाशी गेलो. माफीचं काहीतरी जुळवून ठेवलं होतं. मी तोंड उघडायच्या आत त्या म्हणाल्या, "साहेब, तुमचं एक वाक्य राहिलंय. खोकल्यात गेलं. सांगता का परत?" पेन्सिल हातात. मी म्हटलं, ताई, मला... "वाक्य सांगा," म्हणाल्या. मग सांगितलं. त्यांच्यासमोर उभा राहून, शाळेत उभं करतात तसा. "या धुराचं सुरक्षित असं कुठलंही प्रमाण नाही." त्यांनी लिहून घेतलं. म्हणाल्या, "पूर्णविराम?" मी म्हटलं, पूर्णविराम.

तेव्हापासून ओढली नाही. खरं सांगतो. शपथ घेतो तर बायको म्हणते, शपथ राहू दे, जवळ ये, वास घेते. शिपाईकाकांची माफी मागितली, तर काका म्हणाले, "चालायचंच साहेब," आणि मला अजून कुठलीही किल्ली देत नाहीत. ताई बोलतात, कामापुरतं. डबी परत नाही आली टेबलावर, आणि मी मागणार तरी कसा?

बरं, सोडली हे लोकांना पटवायचं कसं, हा एक वेगळाच ताप. परवाची गोष्ट. ऑफिसच्या जिन्याखाली विजेचे मीटर आहेत, तिथून धूर. खरा धूर, वायर जळत होती, मी डोळ्यांनी बघितलं. धावत वर आलो, ओरडलो, "धूर येतोय! जिन्याखाली धूर येतोय!" अख्खा मजला कामात. एकानंही खुर्ची हलवली नाही. कोपऱ्यातून फक्त एक आवाज आला, शांत, समजूतदार...

"मग विझवा की, साहेब. आम्ही कोणाला सांगत नाही."

काय करणार? वाळूची बादली उचलली, गेलो, आणि विझवली.