चंद्रभानले हरवल्याची गोठ

...आन् वरून मलेच म्हणतात, "बंडूजी, जरा सरका, सर येऊन राह्यले!" आता तुम्हीच सांगा राजेहो, दुकान माहं, ओटा माहा, ओट्यावरचा सागाचा बाकडा माह्या बापानं करून घेतलेला, आन् त्याच्यावरून सरकाचं कोणं? म्याच! काऊन? तर सामनेच्या शाळेतले पी.टी.चे सर चहा प्याले येऊन राह्यले! गणिताचे गुरुजी आले तर कोणी हालत नाई, संस्कृतवाले बिचारे उभ्यानंच खडूचा डबा घेऊन जातात, पण गळ्यात शिट्टी लटकवून हा चंद्रभान रस्ता ओलांडाले लागला का साऱ्या सेलूच्या बुडाखाली निखारा ठेवल्यासारखे लोक उठतात... जळत नाई हो मी. सांगून राह्यलो फक्त.

तुम्हाले सांगतो, हा काही विलायतेहून आलेला माणूस नाई. शाळेचे चपराशी अण्णाजी, त्याईचा हा पोरगा. शाळेच्या मागं, मैदानाच्या कोपऱ्यात टिनाची एक खोली होती, तिथी राहत हे लोक. गाव म्हणे, "बिचारे, एका खोलीत राहतात!" बिचारे? अहो, आमच्या घरी पुढं दुकान, मागं गोदाम, मधात आम्ही. तुरीच्या पोत्यावर झोपा, गुळाच्या भेलीले पाय नका लावू, तेलाच्या पिप्याजवळ खेळू नका... आन् याचं आंगण म्हणजे अख्खं मैदान! उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेले कुलूप आन् किल्ल्या याच्या बापाच्या कंबरेले! व्हरांड्यातून धावे, मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसून कैऱ्या खाये, रिकाम्या वर्गात उभा राहून हजेरी घेये आन् स्वतःच 'हजर' म्हणे. आम्ही शाळेत जात होतो राजेहो, हा शाळेतच होता! आन् अण्णाजीची कंबर धरली का घंटा कोण वाजवे? हा! भूगोलाच्या तासाले आम्ही घामाघूम, नद्यांची नावं आठवून राह्यलो, आन् हा शेवटच्या बाकावर बाप्पा एकदम निवांत... निवांत राहीनच नं! ज्याच्या हातात घंटा, त्याले नद्या कोण विचारते?

पण एका गोष्टीत तो माह्या मागं होता. धावण्यात. हे लिहून ठेवा. सत्तरच्या संमेलनात शंभर मीटरमध्ये पहिला कोण? बंडू. दुसरा? चंद्रभान. एकाहत्तरमध्ये? तेच! मंग आठवी झाली आन् माहा बाप म्हणे, "धावून कुठी जाणार आहेस बे? बस गल्ल्यावर." बसलो. आन् हा? मॅट्रिक झाला आन् गेला अमरावतीले, व्यायामाचं शिक्षण घ्याले. व्यायामाचं शिक्षण! म्हणजे सकाळी दंड काढा, दुपारी कबड्डी खेळा, संध्याकाळी मल्लखांबाले लटका, आन् शेवटी सरकार शिक्का मारून सांगते का हा माणूस शिकला! इकडे आम्ही लाल मिरची तोलता तोलता शिंकून शिंकून अर्धे झालो, आमच्या शिंकेवर कोणी शिक्का मारला का? जळत नाई हो मी. सांगून राह्यलो फक्त.

अठ्ठ्याहत्तर साली हा आमच्याच शाळेत मास्तर होऊन आला. पहिल्या दिवशी दुकानात आला तर पांढरा फुलपँट, पांढरा शर्ट, छाती अशी का दारातून आडवी घ्यावी लागीन. मी खुशीत ओरडलो, "का बे चंद्या, कधी आला?" दुकानात पोट्टे उभे होते शाईच्या पुड्या घ्याले. साऱ्याईनं एकदम माना वळवल्या. आन् पडद्यामागून माही बायको कोकिळा, "अवो! सर म्हणा, सर! पोट्टे ऐकून राह्यले नं!" आन् तो लेकाचा हासते कसा! म्हणते, "असू द्या वहिनी, बंडू आपलाच आहे." आपलाच आहे! जसं काही मले यानं दत्तकच घेतलं!

तेव्हापासून जे सुरू झालं... पोट्टं उंच होत नाई? सरांले विचारा. पोट्टी जेवत नाई? सरांले विचारा. माही माय भागीरथाबाई, वय सत्तर, गुडघा धरला तर दवाखान्यात नाई जात, म्हणते, "चंद्रभान सराले दाखवतो." आन् पंधरा ऑगस्टले पाहा तुम्ही! तहसीलदार आलेले असतात. ज्याच्या दारात आपण टोपी हातात घेऊन अर्धा अर्धा दिवस उभे राहतो, तो तहसीलदार! आन् हा चपराश्याचा पोरगा मैदानाच्या मधात उभा राहून बेंबीच्या देठापासून ओरडते, "सावधाssन!" आन् काय सांगू तुम्हाले... तहसीलदार होते सावधान! पोट आत, हात खाली! मी खुर्चीवरून पाहून राह्यलो. मले वर्गणीदार म्हणून खुर्ची होती, बरं, दुसऱ्या रांगेत. पण माह्या सांगण्यावरून आजपर्यंत माही मांजर तुरीच्या पोत्यावरून उतरली नाई, आन् याच्या सांगण्यावरून तालुका ताठ होते!

हेही सहन केलं असतं. पण माही पोरगी कांता पाचवीत गेली. आता एकुलती एक पोरगी, संध्याकाळी माह्या मांडीवर बसून शाळेच्या गोठी सांगे. आधी गोठीत मैत्रिणी होत्या, बाई होत्या, चिंचा होत्या. पाचवीत गेल्यावर एकच गोठ. "आमचे सर दोरावर चढतात. आमचे सर एका हातावर उभे राहतात. बाबा, आमचे सर गावात सगळ्यात जोरात धावतात!" मी म्हटलं, "कोण म्हणते? त्याले तर मी हरवलं होतं! दोनदा!" कांतानं माह्या तोंडाकडे पाह्यलं. मंग माह्या पोटाकडे पाह्यलं. आन् हासली. अशी तशी नाई राजेहो, मांडीवरून घसरून खाली पडली हासता हासता! "आई वो! बाबा म्हणतात त्यायनं सरांले हरवलं!" आन् सैंपाकघरातून कोकिळा... तीही हासली.

त्या रात्री जेवण गेलं नाई. तुम्ही म्हणसान, इतकंसं त्यात काय? पण ज्या पोरीले आपण जगातले पहिले पुरुष वाटतो, तिच्या नजरेत आपण दुसरे झालो, आन् पहिला कोण, तर ज्याले आपण दोनदा दुसरा केलता तो! मी ठरवलं. काही होवो, कांताच्या डोळ्यासामने याले हरवाचं.

आता मी आहे दुकानदार. "चल बे, धावतो का?" असं रस्त्यात थोडीच म्हणाचं? मी मुख्याध्यापकांकडे गेलो, कृष्णकांत सरांकडे, एकदम शुद्ध बोलणारा माणूस. म्हटलं, "सर, वडलांच्या नावानं एक फिरती ढाल द्याची इच्छा आहे." "वा वा बंडूजी! फारच स्तुत्य विचार! कोणत्या स्पर्धेसाठी?" म्हटलं, "माजी विद्यार्थ्यांची शंभर मीटर. पण अट आहे, शाळेत जे जे माजी विद्यार्थी नोकरीले आहेत, त्याईनंही धावाचं." आता असा नोकरीतला माजी विद्यार्थी एकच होता! कृष्णकांत सर म्हणे, "आपली दृष्टी किती व्यापक आहे!" व्यापक! मले एकच माणूस दिसून राह्यला होता!

मंग सराव. सत्त्याऐंशीच्या जानेवारीत संमेलन, म्हणून डिसेंबरच्या थंडीत अंधारातच उठून कालव्याच्या पाळीवर गेलो. धोतर खोचून धावलो... तिथल्या दोन कुत्र्याईले वाटलं का मी त्याईच्यासाठीच आलो! पुढं मी, मागं ते, आन् समोरून सायकलीवर कोण? हाच! सायकल थांबवून म्हणते, "का बे बंडू, धावून राह्यला का?" मी म्हटलं, "नाई, पाणी पाहाले चाललो." "कोणाच्या शेताचं? इकडे तर तुहं शेत नाई." त्यानं कुत्र्याईले हाकललं, सायकल पळसाले टेकवली आन् म्हणे, "टाचा आपटून राह्यला तू. पंज्यावर ये. आन् हात छातीवर आडवे नको मारू, कोणाले ताक घुसळून द्याचं आहे काय?"

मी म्हटलं, "चंद्या, तुले माहीत आहे नं, मी कोणाले हरवाले धावून राह्यलो?" तर म्हणे, "मंग! मलेच हरवजो नं. दुसरा आहे कोण गावात?" असं! जसं काही मी त्याच्या घरी जेवाले येतो म्हटलं!

आन् रोज कालव्यावर याले लागला राजेहो. रोज! फुकट! दुकानदाराले फुकट देणारा माणूस भेटला का आधी छाती धडधडते. मी संशयानं पाहो, हा माह्या पायाचे अंगठे पाहे. "सुटताना एकदम उभा नको होऊ. मान ढिली सोड. श्वास कोंडू नको." इतक्यावर थांबला असता तरी ठीक, पण एक दिवस दुपारी ताटात पाहतो तर कोरडी ज्वारीची भाकर आन् पालकाची पातळ भाजी! म्हटलं, "भजे?" कोकिळा म्हणे, "सरांनी बंद सांगितले." माहं दुकान, माहं तेल, माहं बेसन, आन् हुकूम कोणाचा? जळत नाई हो मी! पण दोन भज्यानं माणूस काय शर्यत हारते?

आला तो दिवस. साऱ्या गावानं गर्दी केली. धावणारे कोण, तर कापडवाले रूपराव पायजम्यात, ग्रामसेवक मफलरात, तेलघाणीवाले जयवंता तर जोडे घालून का काढून याच विचारात, मी हाफपँटमध्ये, आन् शेजारच्या पट्टीत चंद्रभान. तो धावणार म्हणून शिट्टी कृष्णकांत सरांच्या हातात. सर म्हणे, "सिद्ध व्हा!" आन् फुंकली तर आवाजच नाई, नुसती थुंकी! रूपराव गेले अर्धं मैदान धावून, त्याईले ओढून आणलं. दुसऱ्यांदा वाजली...

आन् मी सुटलो राजेहो! वाकून सुटलो, पंज्यावर आलो, मान ढिली, हात सरळ... वाराच कानात घुसला! लिंबाच्या झाडापर्यंत चंद्रभान बरोबरीनं होता, त्याचा श्वास ऐकू येऊन राह्यला होता, आन् मंग... मंग तो श्वास मागं गेला! खरं सांगतो, मागं गेला! छातीले फीत लागली, ती तुटली, आन् मी पुढं भिंतीवर जाऊन आदळलो. पहिला! बंडू पहिला! पायजमे, मफलर, सारे मागं, आन् चंद्रभान दुसरा!

कांता धावत आली. डोळ्यात चमक अशी का माहं सारं जीवन वसूल झालं. "बाबा! तुम्ही जिंकले! खरंच जिंकले!" मी तिले उचललं. म्हटलं, "पाह्यलं नं बाई? मी म्हणत होतो नं?" ती माह्या गळ्यात हात टाकून म्हणे, "हो बाबा! सर किती भारी आहेत नं! त्यायनं तुमच्याले पण धावाले शिकवलं!"

मी तिले खाली ठेवलं.

तिकडे भोंग्यातून कृष्णकांत सर, "बंधुभगिनींनो! शिक्षक कसा असावा? ज्या गृहस्थांना, क्षमा करा बंडूजी, गेल्या महिन्यापर्यंत दुकानाची पायरी चढताना धाप लागत असे, त्यांना यांनी घडवलं! इतकं घडवलं की शिष्यानं गुरूलाच मागे टाकलं! याहून मोठा विजय कोणता?" आन् टाळ्या! अशा टाळ्या तर पहिल्या आलेल्या माणसाले कधी भेटल्या नाईत. भेटल्याच नाईत, मी पहिलाच आलो होतो! हार कोणाच्या गळ्यात? चंद्रभानच्या! आन् ढाल? मुख्याध्यापक म्हणे, "ही ढाल विजेत्याला प्रशिक्षकांच्याच हस्ते!" फोटोत पाहा तुम्ही, देणारा तो, वाकून घेणारा मी, आन् ढालीवर नाव कोणाच्या बापाचं? माह्या!

मी त्याले मांडवामागं ओढलं. म्हटलं, "खरं सांग बे. मुद्दाम हरला नं?" म्हटलं तसं असलं तर निदान चिडाले तरी जागा राहीन. तर तो घाम पुसत म्हणे, "मायची शप्पथ बंडू, जीव तोडून धावलो. तुले गाठताच आलं नाई. काय सुटला रे तू! शेवटी तर एकही टाच टेकली नाई!" आन् त्याचं तोंड पाहा... हारलेल्या माणसाचं तोंड असं असते काय हो? लग्नातल्या नवरदेवावाणी फुललं होतं! मी जिंकून कडू, आन् हा हारून गोड! तिथी मात्र जळलो राजेहो. कबूल करतो. टाळ्यांवर नाई, हारावर नाई, त्या तोंडावर जळलो. मले असं कधी कोणाच्या जिंकण्यानं झालंच नाई.

तरी वाटलं, चला, संपलं. तर दुसऱ्या सकाळी पाय मोकळे कराले कालव्यावर गेलो, पाहतो तर रूपराव, ग्रामसेवक, जयवंता, सारे आपापली पोटं घेऊन रांगेत हजर! पायात नवे कॅनव्हासचे बूट. बूट माह्याच दुकानचे, तेवढं एक बरं झालं. आन् चंद्रभान सामने उभा. मले पाह्यलं आन् हाताले धरून रांगेसमोर उभं केलं, खांद्यावर हात ठेवला, म्हणे, "घाबरू नका कोणी. हा बंडू पाहा. हा धावू शकते, तर जगात कोणीही धावू शकते!"

आन् ते सारे जण माह्या पोटाकडे असे आशेनं पाहाले लागले... आमच्या धंद्यात पोत्याच्या तोंडाशी मूठभर दाणे काढून ठेवतात. गिऱ्हाइक येते, दाणे हातावर चोळते, दाताखाली फोडून पाहते, आन् मान हालवून म्हणते, चांगला आहे, द्या.

माल त्याचा, राजेहो. मी आपला नमुना.