रेघारेघांचा फोटो

दिनांक अठ्ठावीस जानेवारी, दुपारची वेळ. स्थळ भिवंडी-वाडा रस्त्यावरील अंबाडी नाक्याचा बसथांबा. माझ्या शेजारी बसलेल्या वृद्धेच्या मांडीवर तिच्या दिवंगत पतीचे दोन फोटो होते: एक स्टुडिओतला रंगीत, दुसरा सोबतच्या पुतणीने स्वतः छापलेला कृष्णधवल. उद्याच्या वर्षश्राद्धाला त्यांतला एकच भिंतीवर लागणार होता.

“ऋतिका, तुझ्या फोटोत काकांच्या खांद्यावर ह्या रेघा कसल्या गं?”

“ब्रशच्या, काकी. फोटो उमटवणारं औषध मी कागदावर हातानं लावते.”

“मग पुसून टाक.”

“पुसल्या तर काकाही जातील.”

“म्हणून मोरीत लाल दिवा लावून बसलीस? मला दारसुद्धा उघडू दिलं न्हाय!”

“उजेड शिरला असता तर सगळा कागद काळा पडला असता. काका काळेठिक्कर झाले असते.”

“व्हतेच की ते काळे! माझ्या जीवननं स्टुडिओत त्यांना गोरं करून आणलंय, वर टाय पण बांधलाय.”

“जीवनदादाला तोच आवडलाय. पाहुण्यांसमोर माझा रेघारेघांचा कसा लावणार?”

“पाहुणे जेवून जातील, मला रोज बघायचं हाय. त्या टायवाल्याला मी वळखत न्हाय. तुझाच लागंल.”