सिपोराबाईंसाठी दगड

इंदापूरहून पुण्याला निघालेल्या एसटीत बसलेल्या सुकन्याच्या पुढच्या सीटवर एकमेकांना अनोळखी अशी दोन म्हातारी माणसं बोलत होती.

"बाई, पिशवीत काय एवढं जड?"

"दगूड हायेत, आबा. आमच्या शेळगावच्या सिपोराबाई नर्स वारल्या. यहुदी हुत्या. पुण्यात कबर हाय. त्यांच्यात कबरीवर फुलं न्हाय, खडा ठेवत्यात. ज्यांची बाळंतपणं बाईंनी केली, त्या समद्या घरांनी एकेक दिलाय."

"खडा म्हणता, हा तर धोंडा हाय!"

"दादासोचा. चार किलोचा जलमला हुता, बाईंनीच तोलला. म्हणला, माझ्या वजनाचाच न्या."

"आन् हा एवढासा?"

"माझ्या छकुलीचा. सातव्या महिन्यात झाली. बाईंनी आपली तीन लेकरं सांभाळून तिलाबी महिनाभर पोटाशी धरून ऊब दिली."

"जगली?"

"ती बघा, तिकिटं काढत येतीया."