रंगाखालची रेघ

दवाखान्यात नंबरची वाट बघता बघता स्नेहानं मोबाइल बाजूला ठेवला. शेजारचा तरुण एका आजींना सांगत होता,

"दहीपुलाजवळ कापडाचं दुकान टाकतोय. तीन पायऱ्या चढून जावं लागतं ते."

"ते आमचंच होतं की पूर्वी. माल खालच्या फळीवर ठेवू नकोस."

"का हो आजी?"

"पूल म्हटलं की खाली नाला आलाच."

"तो तर कधीच झाकलाय."

"वरून झाकलाय. दुकानात आतल्या भिंतीवर निळी रेघ असेल बघ."

"होती. परवाच रंग दिला."

"परत मारून घे. पुराचं पाणी तिथवर आलं होतं, म्हणून सासऱ्यांनी मारली होती."

"किती उंचीवर होती, आठवतंय?"

आजी उभ्या राहिल्या. त्यांनी हनुवटीखाली हात आडवा धरला.

"मी आतच होते."